संगणकातलं झाड: एल-सिस्टीम की स्पेस कॉलनायझेशन?

संगणकावर झाड वाढवून दाखवायच्या या दोन पद्धती. एल-सिस्टीम १९६८ची, ॲरिस्टिड लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञाची. तिच्यात अक्षर म्हणजे वनस्पतीचा एखादा भाग; प्रत्येक अक्षराच्या जागी नियमाने ठरलेली अक्षरं एकाच वेळी बसवत जायची. 'अ'चं 'अब', 'ब'चं 'अ' एवढ्या दोन नियमांवर अक्षरसंख्या १, २, ३, ५, ८ अशी वाढते. नेचे आणि फुलोरे यांसाठी हीच घ्यावी. तिथे फांदी कुठे फुटणार हे बऱ्याच अंशी वनस्पतीच्या आतच ठरतं.

२००७ची स्पेस कॉलनायझेशन उलट्या टोकाने सुरू होते. आधी झाडाच्या घेरात बिंदू विखुरायचे. फांद्या जवळच्या बिंदूंकडे वाढतात आणि गाठलेला बिंदू पुसला जातो. जागेसाठीची चढाओढ आपोआप उमटते. डेरेदार वृक्षाला मी हीच निवडेन. मात्र कळी कधी उमलेल, हे तिला विचारू नका!