पिकअपला जीपीएस बसवून अकरा महिने झाले, त्याचा अनुभव

पिंपळगाव बसवंतहून वाशीच्या मार्केटला द्राक्षं, टोमॅटो नेणारी आमची एकच पिकअप. गेल्या वर्षी ओळखीतल्या एकाची गाडी घरासमोरून रात्रीत गेली. आमच्या गाडीचे तर हप्ते चालू. आठवड्याच्या आत जीपीएस बसवून घेतला. गाडीच्या वायरिंगला जोडायचा, ४जी सिमवाला; गाडी कुठे आहे ते मोबाइलच्या ॲपवर दिसतं. यंत्राचे ३,२०० रुपये, दुसऱ्या वर्षापासून सिम आणि सर्व्हरचे मिळून १,२००. १ जानेवारी २०१९ पासून नव्या टॅक्सी-बसला असं यंत्र आणि आणीबाणीचं बटण सक्तीचं आहे. मी मात्र ते चोरीच्या धास्तीने घेतलं.

फिटरने ते दहा मिनिटांत फ्यूजबॉक्सजवळ लावून दिलं. मी तिथेच अडलो. चोराचा पहिला हातही तिथेच जाणार. दुसरीकडे बसवायला सांगितलं, त्याचे वेगळे २०० रुपये दिले, आणि ते सत्कारणी लागले. वर लोखंडी पत्रा नको, एवढं सांभाळा. प्लास्टिकच्या आड उपग्रहाचा सिग्नल येतो, पत्र्याआड येत नाही. आमच्या गाडीतली जागा इथे लिहीत नाही.

कसारा घाटात ॲपवर गाडी मधेच थांबते. पहिल्यांदा पोटात गोळा आला होता. जीपीएस चालूच असतो, पण ठिकाण आपल्यापर्यंत येतं ते मोबाइलच्या नेटवर्कवरून. रेंज आली की साठवलेला रस्ता एकदम उमटतो.

चौथ्या महिन्यात भिवंडीजवळ रात्री गाडीची बॅटरी चोरीला गेली. वायर तुटल्याचा इशारा २ वाजून १० मिनिटांनी आला होता, माझा फोन सायलेंटवर. सकाळी पाहिला. यंत्राने त्याचं काम चोख केलं, चूक माझी. आता त्या ॲपचा आवाज सायलेंटमध्येही वाजेल असं सेटिंग केलंय आणि भावाच्या फोनवरही इशारा येतो.

ॲपमधलं बटण दाबून इंजिन बंद करणारा रिलेही (एक प्रकारचा स्विच) मिळत होता. मी घेतला नाही. उतारावर भरलेली गाडी असताना कुणी चुकून बटण दाबलं, तर स्टेअरिंग जड होतं, ब्रेकची मदत जाते. घ्यायचाच असेल तर गाडी उभी असतानाच चालणारा घ्या.

सगळ्यात अवघड गेलं ते आमच्या ड्रायव्हरमामांशी बोलणं. बारा वर्षं आमच्याकडे आहेत. मी न सांगता यंत्र बसवलं आणि ते त्यांना गॅरेजवाल्याकडून कळलं. "माझ्यावर पाळत ठेवतो का रे?" एवढंच म्हणाले आणि दोन दिवस नीट बोलले नाहीत. मला फार लागलं. मग घरी बोलावून माफी मागितली, तेच ॲप त्यांच्या फोनवर टाकून दिलं, ठरलेल्या हद्दीबाहेर गाडी गेली की इशारा कसा येतो ते दाखवलं. आता मार्केटला गाडी लावून जेवायला गेले की तेच ॲप उघडून बघतात. तुमच्याकडे ड्रायव्हर असेल तर यंत्र आणायच्या आधी त्याला सांगा.

गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर अधूनमधून चालू करा. यंत्र थोडा थोडा करंट ओढतं आणि जुनी बॅटरी बसते. यंत्राच्या आत छोटी बॅटरी असते, तीही तपासा. मागच्या आठवड्यात मी मुख्य वायर काढून पाहिली: लगेच इशारा आला, आणि पुढचे अडीच तास गाडी ॲपवर दिसत होती.