दुकानाचा हिशेब: एक्सेल की टॅली?
कीर्द-खतावणीची लाल वही गेली, पण तिची सवय एक्सेलमध्ये उतरली: एक शीट विक्रीची, एक उधारीची, एक मालाची. पाहिजे तिथे रकाना घाला, पाहिजे तसा चार्ट काढा. एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात. किराणा दुकानाला सात जन्म पुरतील!

अडतं ते दुसरीकडे. दुहेरी नोंद, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत मांडणं, एक्सेल आपणहून करत नाही. रंगाचे दहा डबे उधारीवर गेले, तर साठा कमी करायचा, गिऱ्हाइकाच्या नावे रक्कम टाकायची, जीएसटी वेगळा काढायचा. तिन्ही कामं तुमचीच. एक राहिलं की महिनाअखेरीस डोकेफोड. टॅली हे हिशेबाचंच सॉफ्टवेअर. त्यात विक्रीचं एक व्हाउचर (व्यवहाराची नोंद) टाकलं की तिन्हीकडे नोंद पडते, जीएसटीआर-1 चे (विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राचे) आकडेही तयार मिळतात. मात्र आधी लेजर (खाती), मालाची यादी, एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराचा क्रमांक) नीट बसवायला लागतात. हा कंटाळा टाळला तर टॅलीही वहीइतकीच आंधळी.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर निवड जवळपास ठरलेलीच. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहावी लागते. टॅलीत त्यासाठी एडिट लॉग आहे. एकट्या मालकाच्या दुकानाला हा नियम नाही.

महिन्याला वीस-पंचवीस बिलं? खुशाल एक्सेल. काउंटरवर रोज रांग लागत असेल तर टॅली घ्या, आणि पडून राहिलेला माल शोधायला तिचाच रिपोर्ट एक्सेलमध्ये काढा.