समर स्पेशल 2: पँटच्या आत बसणाऱ्या चामडी होल्स्टरचं परीक्षण

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, बॉइसी इथे मिल्ट स्पार्क्स ही होल्स्टर, म्हणजे कंबरेला लावायची पिस्तुलाची म्यानं, बनवणारी छोटी कंपनी आहे. तिचं ‘समर स्पेशल 2’ पहिल्यांदा बघणाऱ्याला उलटं शिवल्यासारखं वाटतं. चामड्याची खरबरीत बाजू बाहेर आणि गुळगुळीत बाजू आत. मूळ कल्पना ब्रूस नेल्सन यांची. ते कॅलिफोर्नियात अमली पदार्थविरोधी पथकात अधिकारी होते आणि उन्हाळ्यात जॅकेट न घालता ‘1911’ या मॉडेलचं पिस्तूल लपवायची त्यांना गरज होती. खरबरीत बाजू बनियन आणि पँटच्या कापडाला धरून राहते, त्यामुळे चालताना होल्स्टर सरकत नाही. आतली गुळगुळीत बाजू पिस्तुलाचा मुलामा कमी घासते आणि पिस्तूल बाहेर काढताना अडत नाही.

पण या होल्स्टरची खरी किंमत त्याच्या तोंडात आहे. पँटच्या आत बसणाऱ्या होल्स्टरवर पट्ट्याचा दाब सतत असतो. पिस्तूल बाहेर काढलं की साधं चामडं तिथेच चपटं होतं. मग पिस्तूल परत ठेवायला दुसरा हात लागतो आणि बहुतेक वेळा तो हात नळीच्या समोर येतो. नेल्सन यांनी तोंडाच्या कडेत धातूची पट्टी शिवून घेतली. त्यामुळे तोंड उघडं राहतं आणि एका हाताने पिस्तूल परत बसतं. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. जुनं, लिबलिबीत झालेलं चामडं आत दुमडतं आणि ती घडी चापाच्या कड्यात शिरते. वरून पिस्तूल दाबलं की घडीच चाप ओढते. ग्लॉकसारख्या पिस्तुलाचा चाप साधारण 2.5 किलोच्या ओढीने सुटतो आणि बाहेरून लावायचा सुरक्षा-खटका (सेफ्टी) त्याला नसतो. म्हणून कोणतंही चामडी होल्स्टर घेताना आधी तोंड अंगठ्याने जोरात दाबून बघावं, रंग आणि नक्षी नंतर.

चामडं वनस्पतिजन्य सालींच्या अर्कात कमावलेलंच हवं. ते पाणी पिऊन मऊ होतं आणि वाळताना मिळालेला आकार धरून ठेवतं. कोल्हापुरी चप्पल पायाचा आकार घेते ती याच गुणामुळे. क्रोमने कमावलेलं चामडं मऊच राहतं, ते पर्ससाठी ठीक. या कामाला साधारण 6 ते 8 औंसांचं चामडं वापरतात. 1 औंस म्हणजे 0.4 मिलिमीटर, म्हणजे जाडी 2.4 ते 3.2 मिलिमीटर. याहून पातळ असेल तर आकार टिकत नाही आणि जाड असेल तर कंबरेला ठोकळा बांधल्यासारखं वाटतं.

स्थानिक कारागिराकडून असं होल्स्टर करून घेणाऱ्यांनी शिलाईची रेघ स्वतः मोजावी, कारण बिघडतं ते तिथेच. पिस्तुलाच्या बाह्यरेषेपासून रेघेचं अंतर म्हणजे पिस्तुलाची निम्मी जाडी अधिक चामड्याची जाडी. 1911ची स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, सुमारे 23 मिलिमीटर रुंद असते. 3 मिलिमीटर चामडं धरलं तर स्लाइडच्या बाजूने अंतर जेमतेम 15 मिलिमीटर येतं. रेघ जवळ आली तर पिस्तूल आत जातच नाही. लांब गेली तर ते खुळखुळतं, आणि मग कितीही साचेकाम करा, पकड येत नाही. साचेकामासाठी चामडं कोमट पाण्यात काही सेकंद बुडवायचं, नकली पिस्तूल आत घालून चापाच्या कड्याभोवती बोटांनी आणि गुळगुळीत हाडाच्या पट्टीने दाबायचं आणि सावलीत दिवसभर वाळवायचं. कडक उन्हात किंवा चुलीजवळ वाळवलं तर चामडं ठिसूळ होतं, वाकवताच तडकतं. पुढच्या माशीसाठी, म्हणजे नेम धरायच्या नळीवरच्या उंचवट्यासाठी, वर नाली घडवून घ्यावी, नाहीतर माशी दर वेळी चामड्याची भुकटी खरवडून आणते.

समर स्पेशल 2ची उणीव पट्ट्याच्या फासांमध्ये आहे. टिचबटणांचे दोन्ही फास होल्स्टरच्या अंगावरच बसतात. म्हणजे पिस्तूल जिथे आधीच जाड, तिथेच फासांची आणि पट्ट्याची जाडी चढते. याच कंपनीच्या ‘व्हर्सा मॅक्स 2’मध्ये फास पुढे आणि मागे, चामड्याच्या पंखांवर आहेत. ते जागा जास्त अडवतं, पण पट्टा होल्स्टरला दोन्हीकडून अंगाशी ओढतो आणि मूठ शर्टातून कमी उठते. 1911सारख्या सपाट पिस्तुलाला समर स्पेशल पुरतं. गोळ्या दुहेरी रांगेत बसणाऱ्या मॅगझिनचं जाड पिस्तूल दिवसभर बाळगायचं असेल तर व्हर्सा मॅक्सच घ्यावं. शर्ट आत खोचायची सोय दोन्हींत नाही.

पट्ट्यावर पैसे वाचवू नयेत. पूर्ण आकाराचं पोलादी 1911 रिकामंच 1.1 किलो भरतं. बाजारातला एकेरी पट्टा त्या वजनाने पिळतो, मूठ बाहेर कलते आणि दोष होल्स्टरला दिला जातो. दोन थरांचा, 38 मिलिमीटर रुंद पट्टा आणि कंबरेत एक ते दोन इंच सैल पँट, एवढी तयारी आधी हवी. होल्स्टर उजव्या कंबरेच्या हाडामागे, मूठ थोडी पुढे कललेली, असं बसवावं. थेट हाडावर आलं तर तासाभरात टोचायला लागतं.

नवं होल्स्टर घट्ट असतं, तसंच असायला हवं. पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करून ते पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालावं, होल्स्टरमध्ये बसवून किंचित हलवावं आणि रात्रभर राहू द्यावं. तेल अजिबात लावू नये. तेलाने चामडं मऊ पडतं आणि वर सांगितलेली घडी पडायला लागते. घामाने भिजलं तर मोकळ्या हवेत वाळू द्यावं. पिस्तूल कायम होल्स्टरमध्ये ठेवून कपाट बंद करू नये. चामडं ओल धरतं आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर स्लाइडवर गंज फार लवकर दिसतो.

भारतातल्या परवानाधारकांनी एक लक्षात ठेवावं. शस्त्र नियम 2016 नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये अथवा तशाच साधनात, पूर्ण झाकलेलं आणि धारकाच्या ताब्यात असावं लागतं. मूठ होल्स्टरच्या बाहेरच राहते, तेव्हा वरून मांडीपर्यंत येणारा सैल शर्ट किंवा कुर्ता हवाच.