क्लॉ हॅमर 450 ग्रॅम, लाकडी दांडा : घरात एकच हातोडी ठेवायची असेल तर हीच घ्या

आधीच सांगतो, ही क्लॉ हॅमर, म्हणजे मागे खिळा उपटायची शिंगं असलेली हातोडी, मला प्रचंड आवडलीय आणि बिनधास्त घ्या. पण ऑनलाइन नुसतं हॅमर टाकून सर्च केलंत तर काय वाट्टेल ते समोर येतं, रबराचा हॅमर येतो, दगड फोडायचा घण येतो, ड्रिल मशीन येतं, आणि सगळ्यांच्या नावात हॅमर आहेच, त्यामुळे नवीन माणूस हमखास गोंधळतो. म्हणून रिव्ह्यूच्या आधी थोडं त्याबद्दल.

सगळ्यात जास्त घोळ मशीनमध्ये होतो. हॅमर ड्रिल आणि रोटरी हॅमर ही दोन वेगळी मशीनं आहेत. हॅमर ड्रिलमध्ये (इम्पॅक्ट ड्रिल म्हणून पण विकतात) दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत फिरतात, त्यामुळे ठोके भरपूर बसतात पण अगदी बारीक, विटेच्या भिंतीला ते पुरतं. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन असतो, तो हवा दाबतो आणि त्या हवेच्या दाबाने आतला लोखंडी गोळा बिटावर (भोक पाडायच्या सळीवर) आपटतो, त्यामुळे कॉलम-बीमच्या काँक्रीटमध्ये बिट आरामात घुसतो, फक्त त्याला एसडीएसचे, म्हणजे मागच्या टोकाला खाचा असलेले खास बिट लागतात, साधे बसत नाहीत. आणि साइटवर ज्याला सगळे 'हिल्टी' म्हणतात तो ब्रेकर, काँक्रीट फोडायचं मशीन. हिल्टी हे खरं तर कंपनीचं नाव आहे, युरोपातल्या लिक्टेनस्टाइन नावाच्या छोट्याशा देशातली 1941 ची कंपनी, पण आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा ब्रेकर असला तरी हिल्टीच लावायची असते. पडदे आणि फोटो लावायचेत आणि घरात रोटरी हॅमर आणून ठेवलाय असं करू नका.

आता हातातल्या हातोड्या. दुकानात नुसतं 'हातोडी द्या' म्हटलं की बहुतेक वेळा बॉल पेन हॅमर काउंटरवर येते, एक तोंड सपाट आणि दुसरं गोल लिंबासारखं. ही फिटरची हातोडी, रिव्हेट बसवायला, पत्रा ठोकायला, छिन्नीवर मारायला. नाशिकच्या टापरियाची 340 ग्रॅमची माझ्याकडे आहे आणि पत्र्याच्या कामाला मी तीच वापरतो, उत्तम माल आहे. पण तिने खिळा उपटता येत नाही, आणि घरातलं निम्मं काम खिळे उपटायचंच असतं! वेल्डिंगवाल्याची जोडावरचा मळ उडवायची चिपिंग हॅमर वेगळी, फरशीवाल्याची रबराची वेगळी, सुताराची पटाशीवर (लाकूड कोरायच्या छिन्नीवर) मारायची मोगरी लाकडाची असते, कारण लोखंडी हातोडीने पटाशीची मूठ फुटते. लोहाराचा आणि वडाराचा तो घण. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर मठारकाम (ठोके मारून ठशांची नक्षी) करतात त्यांच्या हातोड्यांची तोंडं आरशासारखी घासून ठेवलेली असतात, कारण तोंडावर ओरखडा असेल तर तो प्रत्येक ठोक्याला तांब्यावर उमटतो. जुने सुतार हातोडीला मार्तूल म्हणतात तो शब्द पोर्तुगीज मार्तेलो वरून आलाय, चावी आणि बादली आली तसाच. कोणी म्हणताना ऐकलं की मला फार बरं वाटतं.

तर क्लॉ हॅमर म्हणजे मागे दोन शिंगं असलेली, खिळा ठोका पण आणि काढा पण. वजन 450 ग्रॅमच का, तर 250 वाली हलकी पडते, दोन इंची खिळ्याला पंधरा ठोके मारत बसावं लागतं आणि त्यातच खिळा वाकतो, आणि जड घेतली तर मनगट दुखतं, खास करून डोक्याच्या वर हात करून ठोकायचं असेल तर. 450 ला हातोडीच काम करते, आपण फक्त उचलायची आणि सोडायची. दांडा मात्र शेवटाला धरा, बरेच जण हातोडीच्या डोक्याजवळ, म्हणजे लोखंडाजवळ धरतात मग वजनाचा काही उपयोगच होत नाही.

लाकडी दांडा मुद्दाम घेतला. स्टीलचा मजबूत असतो हे खरंय पण झटका थेट कोपरापर्यंत येतो, लाकूड तो बराच खाऊन टाकतं. घेताना दांड्याच्या रेषा बघा, लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीत सरळ गेलेल्या हव्यात, तिरक्या बाहेर निघाल्या असतील तर दांडा नेमका तिथूनच मोडतो. मग डोक्याच्या वरच्या भोकात बघा, पाचर ठोकलेली दिसली पाहिजे आणि डोकं हाताने जराही हलता कामा नये. ठोकायचं तोंड एकदम सपाट नसतं, मध्ये किंचित फुगीर असतं, ते तसंच हवं, नाहीतर ठोका जरा तिरका बसला की कडेचा चंद्रकोरीसारखा वण लाकडावर उठतो. शिंगांची आतली फट टोकाकडून आत निमुळती होत गेली पाहिजे, माझ्या हातोडीत डोकं मोडलेला बारीक खिळा पण पकडला जातो, शेजाऱ्यांची एक स्वस्तातली आहे तिच्यातून तो नुसता सटकतो.

खिळा काढताना शिंगांखाली प्लायवूडचा तुकडा ठेवा, फर्निचरवर खड्डा पडत नाही आणि जोर पण कमी लागतो. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, हातोडीवर हातोडी कधीच मारू नका, अडकलेला खिळा काढायला बरेच जण शिंगांवर दुसऱ्या हातोडीने मारतात. दोन्ही तोंडं कडक पाणी दिलेल्या पोलादाची असतात, कपचा उडतो आणि तो डोळ्यात गेला तर डोळा जातो. काँक्रीटचे कडक खिळे ठोकताना पण गॉगल लावाच, तो खिळा वाकत नाही, तुटून उडतो.

उन्हाळ्यात लाकूड सुकून डोकं थोडं ढिलं होतं, लाकडी दांड्यात हे होणारच. लोक पाण्यात भिजवतात, त्याने लाकूड फुगतं पण सुकलं की परत जास्तच ढिलं पडतं. त्यापेक्षा हातोडी उभी धरा, डोकं वर, आणि दांड्याचं खालचं टोक फरशीऐवजी जाड लाकडावर आपटा, डोकं आपोआप दांड्यावर घट्ट बसतं, मग पाचर परत ठोका. अधूनमधून दांड्याला जवसाचं तेल चोळा.

किंमत चारशेच्या आसपास पडली. जमलं तर दुकानात हातात घेऊन दोनदा फिरवूनच घ्या, फोटोत पाचर दिसत नाही. आणि दांडा मोडलाच तर हातोडी टाकू नका, नुसता दांडा हार्डवेअरच्या दुकानात वेगळा मिळतो, डोकं घेऊन गेलात तर ते भोकाच्या मापाचा देतात.