खोट्या ब्रेव्हेत गेलेला हंगाम

२०२४-२५ च्या हंगामात ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडच्या निमित्ताने माझी आणि माझ्याबरोबरच्या काही सायकलस्वारांची जी फसवणूक झाली, ती तपशिलाने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण मुंबई-ठाण्यात लांब पल्ल्याच्या सायकलिंगकडे वळणारे नवे लोक वाढत आहेत आणि आमच्याकडून पैसे घेणारा मनुष्य अजून मोकळा आहे. तक्रार पोलिसांकडे असल्यामुळे त्याचे आणि त्याच्या क्लबचे नाव मी येथे लिहीत नाही.

मी मुलुंडला राहतो. आमचा रविवारचा गट लहान आहे. पहाटे साडेपाचला चेकनाक्यावर जमायचे आणि कधी पूर्व द्रुतगती मार्गाने शीव, दादर करत मरीन ड्राइव्ह गाठायचे, तर कधी उलट दिशेला घोडबंदर रस्त्याने गायमुखचा चढ चढायचा, एवढाच आमचा कार्यक्रम असतो. एका ओळीत सायकल चालवताना पुढचा माणूस हाताने खड्डा दाखवतो, तोंडानेही ओरडतो आणि मागचे त्याच्या चाकावर भरवसा ठेवून त्याच्या मागोमाग जातात. पावसाळ्यानंतरच्या घोडबंदर रस्त्यावर याशिवाय इलाजच नसतो. या भरवशाची सवय होते आणि ती नकळत पैशाच्या व्यवहारातही उतरते, हे मला फार उशिरा समजले.

२०२४ च्या पावसाळ्यात हा मनुष्य आमच्यात येऊ लागला. चालवायला चांगला, बोलायला नम्र. आमच्या गटात एक निवृत्त गृहस्थ आहेत, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. गायमुखच्या उतारावर भर पावसात त्यांची ट्यूब फाटली, तेव्हा याने स्वतःची नवी ट्यूब काढून बसवून दिली आणि पैसे घेतले नाहीत. ऑक्टोबरमध्ये त्याने सांगितले की त्याचा क्लब या हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे घेणार आहे. त्याच्यावर शंका घ्यावी असे आमच्यापैकी कोणालाही वाटले नाही.

ज्यांना ब्रेव्हे ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. ही शर्यत नव्हे. ठरलेले अंतर ठरलेल्या मुदतीत स्वतःच्या बळावर पूर्ण करायचे असते: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास आणि ६०० ला ४० तास. वाटेतील प्रत्येक कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठरलेल्या ठिकाणी, हातातल्या कार्डावर नोंद होते. हे निकाल शेवटी पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पॅरिझियन या संस्थेकडे जातात आणि तिची मान्यता मिळाल्यावरच ब्रेव्हे पूर्ण झाली असे धरले जाते. भारतात हे काम ऑडॅक्स इंडिया रॅन्डोनिअर्स पाहते. चारही अंतरे एकाच हंगामात पूर्ण करणाऱ्याला सुपर रॅन्डोनिअर म्हणतात. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १२०० किलोमीटरची राइड चार वर्षांतून एकदा होते, मागची २०२३ मध्ये झाली, आणि तिच्यासाठी त्याच वर्षी ही मालिका पुरी करावी लागते. २०२७ मध्ये तिथे जाण्याची माझी इच्छा आहे आणि त्याआधी एक पूर्ण मालिका करून स्वतःला पारखावे, असे मी ठरवले होते.

पहिल्या राइडचे शुल्क १,८०० रुपये होते आणि ते एका क्यूआर कोडवर भरायचे होते. पैसे भरताना पडद्यावर क्लबचे नव्हे, त्याचे स्वतःचे नाव आले, ते मी पाहिले आणि तसेच पुढे गेलो. नोव्हेंबरमधील एका रविवारी सकाळी सहाला ठाण्यातील माजिवड्याहून आम्ही चौतीस जण निघालो. घोडबंदर रस्ता, मग राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून मनोर ओलांडून चारोटीच्या अलीकडच्या एका ढाब्यापर्यंत जायचे आणि त्याच वाटेने परतायचे होते. मी ११ तास २० मिनिटांत परत आलो. माझ्या सायकलच्या संगणकावर १८७ किलोमीटर दिसत होते. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, प्रत्येकाचा जीपीएस थोडा वेगळा दाखवतो." थोडासा फरक पडतो हे खरे आहे, तेरा किलोमीटरचा पडत नाही.

त्याच्या प्रत्येक उत्तराच्या मागे या खेळातला एखादा खरा नियम उभा होता आणि आमची फसवणूक नेमकी त्यामुळे झाली. वाटेत मदतीची गाडी का नाही, तर ब्रेव्हे स्वावलंबी असते, आणि ती खरोखरच तशी असते. पायाला टायमिंग चिप का नाही, तर ही शर्यत नाही, तेही खरे. निकाल का येत नाही, तर तो पॅरिसहून मान्य होऊन यावा लागतो, यातही खोटे काही नाही. अर्धवट माहिती असलेल्या माणसाला संपूर्ण खोटे सांगावे लागत नाही. आम्ही नियम ऐकलेले होते, पण एकानेही ते मुळातून वाचलेले नव्हते.

काकांचा त्या दिवसाचा प्रसंग मला अजून अस्वस्थ करतो. मनोरजवळ त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले, तरी ते थांबत थांबत संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे मुदतीच्या वीस मिनिटे आधी, माजिवड्याला पोहोचले. तिथे कोणीही नव्हते. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास अंधार पडतो, महामार्गावर ट्रकची रांग असते आणि त्या अंधारात मागे राहिलेले सगळे एकेकटे येत होते. सकाळी निघताना कोणाचे दिवे किंवा परावर्तक जाकीट तपासले गेले नव्हते. एकाच्या सायकलला मागचा दिवाच नव्हता. काकांनी फोन केला, तेव्हा उत्तर मिळाले, "काका, कार्डाचा फोटो पाठवा, मी नोंद करून घेतो." पुढच्या रविवारी त्याने त्यांच्या गळ्यात पदक घातले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्याच दिवशी त्याने उरलेल्या तीन राइडचे एकत्रित शुल्क मागितले: जर्सीसह ९,४०० रुपये, जागा मोजक्या, तीन दिवसांत भरा. पहिली राइड झालेली होती, पदक हातात होते. मी त्याच रात्री पैसे भरले. काकांनी स्वतःचे आणि पुतणीचे असे दोघांचे भरले. मग ३०० किलोमीटरची तारीख डिसेंबरातून जानेवारीत गेली, कारण पोलीस परवानगी बाकी होती. जानेवारीत त्याने व्हॉट्सअ‍ॅप गटात सदस्यांना लिहिण्याची मुभा बंद केली. त्याचे कारण विनाकारण होणारी चर्चा टाळणे असे सांगितले गेले, पण पैसे भरलेल्या लोकांना एकमेकांशी बोलता येऊ नये, एवढाच त्याचा उपयोग झाला. माझ्यासारखेच पैसे भरून वाट पाहणारे आणखी लोक आहेत, हे मला मरीन ड्राइव्हवर एका अनोळखी सायकलस्वाराशी गप्पा मारताना कळले.

खरे काय ते एका अनुभवी रॅन्डोनिअरने, म्हणजे ब्रेव्हे करणाऱ्या सायकलस्वाराने, वरळीला चहा पिताना दाखवून दिले. मी कौतुकाने कार्ड त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते उलटून पाहिले आणि विचारले, "कंट्रोलच्या वेळा कुठे आहेत?" खऱ्या कार्डावर प्रत्येक कंट्रोल कधी उघडतो आणि कधी बंद होतो ते छापलेले असते. सकाळी सहाला सुरुवात असेल, तर १०० किलोमीटरचा कंट्रोल ८ वाजून ५६ मिनिटांनी उघडतो आणि १२ वाजून ४० मिनिटांनी बंद होतो, कारण पहिल्या २०० किलोमीटरसाठी जास्तीत जास्त वेग ताशी ३४ आणि कमीत कमी १५ धरलेला असतो. माझ्या कार्डावर क्लबचे बोधचिन्ह, माझे नाव आणि ढाब्याचा शिक्का होता. मग त्यांनी फोनवर ऑडॅक्स इंडियाचे कॅलेंडर उघडले. त्या तारखेला त्या क्लबची कोणतीही ब्रेव्हे नव्हती. हे पाहायला दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत, आणि ती दोन मिनिटे मी ऑक्टोबरमध्ये खर्च केली नव्हती.

पैसे ११,२०० गेले, पण मला हंगामाचे दुःख अधिक आहे. कागदोपत्री हंगाम नोव्हेंबर ते ऑक्टोबर असतो. तरी आपल्या हवेत दिवसभर सायकल चालवण्याजोगे महिने फेब्रुवारीपर्यंतचेच असतात. मार्चनंतर महामार्गाचे डांबर तापते आणि जूनमध्ये पाऊस येतो. ज्या चार महिन्यांत मी चारही अंतरे करू शकलो असतो, ते मी एका बंद गटातील पुढच्या सूचनेची वाट पाहण्यात घालवले.

त्याचा फोन कायमचा बंद झाल्यावर मी १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवले आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, परंतु पैसे देऊन दोन महिने उलटले होते. तक्रार जितकी लवकर जाते, तितकी खात्यातील रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. आमच्या बाबतीत खात्यात काही उरले नव्हते. पोलीस ठाण्यात प्रथम सांगण्यात आले की राइड प्रत्यक्ष झालेली असल्यामुळे हा आपसातील वाद आहे. मग आम्ही अकरा जणांनी एकत्र लेखी अर्ज दिला. त्यात भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीबाबतच्या कलम ३१८ चा उल्लेख केला, प्रत्येकाच्या व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा संदर्भ) क्रमांक, 'अधिकृत ब्रेव्हे' असे शब्द असलेली त्याची जाहिरात आणि ती तारीख नसलेले कॅलेंडर जोडले. तेव्हा अर्ज स्वीकारला गेला. ज्यांनी चिडून गट सोडला आणि संभाषण पुसून टाकले, त्यांच्याकडे जोडायला काहीच नव्हते. आपण अशा गटात असाल, तर कृपया आधी सगळे जतन करा.

या हंगामासाठी कोणी ब्रेव्हेचे शुल्क मागत असेल, तर मिळालेल्या दुव्यावरून न जाता स्वतः ऑडॅक्स इंडियाचे संकेतस्थळ उघडून क्लब, तारीख आणि अंतर तिथे आहे का ते पाहा, आणि पैसे एखाद्या व्यक्तीच्या खात्यात जात असतील तर थांबा. आयोजकाला त्याच्या क्लबच्या मागील ब्रेव्हेचे निकाल कुठे पाहता येतील ते विचारा. खरा आयोजक या प्रश्नाने दुखावत नाही. विचारले तर तो दुखावेल, या संकोचानेच आम्ही गप्प बसलो होतो.

मी फेब्रुवारीच्या अखेरीस कॅलेंडरमधील २०० किलोमीटरची एक ब्रेव्हे केली आणि काही दिवसांनी निकालाच्या यादीत माझे नाव पाहिले. काकांना मी बरोबर चला म्हणून दोनदा फोन केला. ते म्हणाले, "तू जा बाळा, माझी एक झाली आहे." पदक त्यांनी घरात टांगलेले आहे. ते खोटे होते हे त्यांना ठाऊक आहे, तरीही त्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी ते माजिवड्याला पोहोचले होते, आणि त्याची नोंद कुठेही नाही.