जखमेच्या टाक्यांच्या कोडसाठी सीपीटीचं (अमेरिकेतल्या वैद्यकीय प्रक्रियांच्या बिलिंग कोडचं) छापील पुस्तक, बरेच महिने वापरल्यावर

मी पुण्यात बसून अमेरिकेतले ईडी चार्ट (इमर्जन्सी विभागातल्या पेशंटच्या नोंदी) बिलिंगसाठी कोड करते, त्यामुळे जखम शिवल्याचे कोड रोजचेच. ऑफिसात एनकोडर (कोड शोधायचं सॉफ्टवेअर) आहे, पण एएमएचं (अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं) सीपीटी प्रोफेशनल घेतल्यापासून या भागासाठी मी आधी पुस्तकच उघडते.

कारण रिपेअरच्या, म्हणजे जखम शिवण्याच्या, सिंपल, इंटरमीजिएट, कॉम्प्लेक्स अशा तीन लेव्हल आहेत आणि शरीराच्या भागांचे गट प्रत्येक लेव्हलला बदलतात. मान घ्या. सिंपल रिपेअर असेल तर ती स्काल्प, धड, हातपाय यांच्याबरोबर 12001 च्या गटात, इंटरमीजिएट झालं की पंजे-पावलांबरोबर 12041 मध्ये, आणि कॉम्प्लेक्स असेल तर कपाळ, गाल, हनुवटीबरोबर 13131 ला! एनकोडरमध्ये कोड सर्च करून हे कधीच डोक्यात बसत नाही, पुस्तकात सगळे गट लागोपाठ दिसतात. एकाच लेव्हलच्या आणि एकाच गटातल्या जखमांच्या लांबीची बेरीजही मग सोपी जाते, स्काल्पवर 3 सेंमी आणि फोअरआर्मवर 2 सेंमी, दोन्ही सिंपल, तर 5 सेंमीचा एकच 12002, गालावरची 2 सेंमी मात्र वेगळ्या गटात, 12011.

खरी किंमत वसूल होते ती कोडच्या आधीच्या गाइडलाइन्समध्ये. कॉम्प्लेक्सला काय लागतं ते 2020 मध्ये नीट स्पष्ट केलं, उदाहरणार्थ एक्स्टेन्सिव्ह अंडरमायनिंग (कडेची त्वचा खालून मोकळी करणं) म्हणजे जखमेच्या कमाल रुंदीइतकं किंवा जास्त, तेही निदान एका अख्ख्या कडेला. डॉक्टरांनी नुसतं 'अंडरमायनिंग केलं' लिहिलं असेल तर क्वेरी (डॉक्टरांना लेखी प्रश्न) कशाची टाकायची हे तिथेच कळतं. आणि एकाच थरात शिवलेली पण खूप माखलेली, भरपूर साफ करावी लागलेली जखम इंटरमीजिएट धरतात, हे वाक्य टीममधल्या नवीन मुलांना मी हमखास वाचायला लावते, कारण सगळे थर मोजूनच लेव्हल ठरवतात.

फक्त चिकटपट्टी लावली तर रिपेअर कोड नाही, तो ई/एम मध्ये (पेशंट तपासण्याच्या कोडमध्ये) गेला. ग्लू लावला तर रिपेअर धरतात, पण मेडिकेअरचा (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याचा) पेशंट आणि नुसता ग्लू असेल तर जी0168, आणि तो एचसीपीसीएस या वेगळ्या कोडसंचात असल्याने त्यासाठी दुसरं पुस्तक उघडावं लागतं, हे मला खरंच गैरसोयीचं वाटतं.

कागद पातळ आहे, हायलायटर मागे उमटतो, पेन्सिल वापरा. सीपीसी (मेडिकल कोडरची सर्टिफिकेट परीक्षा) देणाऱ्यांनी तर घ्याच, परीक्षेत पुस्तक नेता येतं, हाताने लिहिलेल्या नोट्सही चालतात, फक्त वेगळे कागद चिकटवू नका. आणि आवृत्ती परीक्षेच्या वर्षाचीच घ्या, जुनं स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका.