'गाय आलं' आणि माझी टाचणवही: एआय वापरून सात महिने

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्व भागात, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या एका मराठी शाळेत मी तिसरीचा वर्ग शिकवते. पट 22. त्यातल्या 17 मुलांच्या घरी कन्नड बोलतात. जूनमध्ये शाळा उघडल्यापासून भाषेचं टाचण, म्हणजे पाठाची लेखी पूर्वतयारी, काढताना मोबाइलवरचा एआय वापरतेय, तोही फुकटातला. आता जानेवारी सरत आला, म्हणून लिहायला बसले.

पहिला दीड महिना वाया गेला. 'तिसरीसाठी लिंगाचा पाठ तयार कर' म्हटलं की उद्दिष्ट, प्रस्तावना, कृती, मूल्यमापन असा चकचकीत तक्ता यायचा. केंद्रप्रमुखांपुढे ठेवायला ठीक होता, पण उदाहरणांत मॉल, लिफ्ट आणि पिझ्झा. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी लिफ्ट पाहिलेलीच नाही. जुलैत मी हे सगळं बंदच करणार होते.

मग एका रविवारी मी पाठ मागितलाच नाही. मुलांच्या वह्यांमधली वाक्यं जशीच्या तशी टाइप केली. 'गाय आलं.' 'बैल आलं.' 'बस आलं.' 'आई आली.' यांच्या घरी कन्नड बोलतात, आई बरोबर येते आणि गाय का चुकते, एवढंच विचारलं. उत्तर आलं की कन्नडमध्ये पुरुष आणि स्त्री यांना क्रियापदाची वेगळी रूपं असतात, जनावरं आणि वस्तू मात्र बहुतेक सगळ्या नपुंसकलिंगी. मला खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी पोषण आहार शिजवणाऱ्या अक्कांना विचारलं. त्या भात ढवळता ढवळताच म्हणाल्या, "आकळु बंतु, एत्तु बंतु, बस बंतु. गडी आला तर बंद, बाई आली तर बंदळु." गाय, बैल, बस तिन्हींना एकच 'बंतु', म्हणजे 'आलं'. मुलं घरचा नियम चोख पाळत होती. नऊ वर्षं मी त्या वाक्यांखाली लाल रेघ मारत आले होते. त्या दुपारी फार वाईट वाटलं.

तिथून पुढे हे साधन माझ्या कामाचं झालं. अंगणात दोरीची तीन वर्तुळं केली, तो, ती, ते. गावातल्या वस्तूंची चिठ्ठी उचलायची, त्या वर्तुळात उभं राहायचं आणि पूर्ण वाक्य म्हणायचं. चिठ्ठ्यांसाठी एआयकडून 40 वाक्यं घेतली, त्यातली 25 ठेवली. 'गाय आलं' अजून ऐकू येतं, पण आता मूल मध्येच थांबतं आणि स्वतःच 'आली' म्हणतं. माझ्यासाठी हे फार मोठं आहे.

तपासल्याशिवाय मात्र एक ओळही फळ्यावर लिहू नये. एआयनं 'पुस्तक' स्त्रीलिंगी ठरवलं आणि 'पाणी' पुल्लिंगी. हिंदीत ते तसंच आहे. हिंदी मजकूर त्याच्या वाचनात मराठीपेक्षा कितीतरी जास्त आलेला असतो, तो असा मध्येच डोकावतो. 'त्याला विचारा'च्या जागी 'त्याच्याकडून विचारा' हेही त्यातलंच. नव्या शिक्षकांनी यासाठी शब्दकोश हाताशी ठेवावा. 'च' आणि 'ज'चे दोन उच्चार तर त्याच्याकडून शिकवूच नयेत. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जगत राहा, हा फरक मुलांनी बाईंच्या तोंडूनच ऐकला पाहिजे.

त्याचं कन्नडही पुस्तकी. गायीला 'हसु' लिहून दिलं, आमच्याकडे 'आकळु' म्हणतात. अक्कांनी तेवढ्यावरून अख्खा कागद परत केला. 'मी भाकरी खाल्लो' हे वाक्य तर त्यानं दर वेळी अशुद्ध म्हणून खोडलं. आमच्या भागात मराठी घरांतही असं बोलतात. म्हणून आता सूचनेतच लिहिते, घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा असे दोन रकाने कर, खोडू नकोस. मग नीट करतो.

आठवड्याचं टाचण काढायला पूर्वी रविवारचे तीन तास जायचे, आता तपासणीसकट सव्वा तास पुरतो. मुलांची नावं, फोटो मी कधीच टाकत नाही, फक्त वाक्यं टाकते.

दिवाळीनंतर वर्गातली तीन मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. त्यांच्यासोबत द्यायला वाचनाची पानं करत होते. 'फडातली सकाळ' अशी गोष्ट मागितली तर तमाशाच्या फडाची गोष्ट आली, ढोलकीसकट. उसाचा फड, कोयता, मोळी, पाचट, वाडं (उसाचे हिरवे शेंडे), मुकादम हे सगळं मी समजावून सांगितलं, तेव्हा तिसऱ्या खेपेला बैलांना वाडं घालणाऱ्या मुलीची छान गोष्ट उतरली. बारा पानं झाली, दोऱ्यानं शिवून दिली. परवा त्यातल्या एकीच्या आईनं फोन केला आणि लेकीच्या हातात दिला. खोपीबाहेर बसून तिनं मला पाचवं पान वाचून दाखवलं. 'बैल आला', अगदी स्पष्ट.